क्यूचा शाफ्ट आणि फेरूल यांची स्वच्छता व देखभाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूल आणि स्नूकर खेळणारे क्यूच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, टिपेची काळजी पुष्कळ घेतात, मात्र प्रत्येक स्ट्रोकला बोटांवरून सरकणाऱ्या शाफ्टकडे त्यांचे लक्ष सहसा तो चिकट झाल्यावरच जाते, आणि त्या वेळी हाताशी पहिल्यांदा येतो तो काचपेपर. पुढील सर्व उत्तरांमागे एकच आग्रह आहे: शाफ्टवरचा मळ काढावा, लाकूड काढू नये. एकदा घासून गेलेले लाकूड कोणत्याही उपायाने परत येत नाही.

शाफ्ट आणि फेरूल म्हणजे क्यूचे नेमके कोणते भाग, आणि ते कशाचे असतात?

दोन तुकड्यांच्या क्यूमध्ये हातात धरायचा जाड भाग म्हणजे बट आणि पुढचा निमुळता भाग म्हणजे शाफ्ट. शाफ्टच्या टोकाला चामड्याची टिप असते, आणि टिप व लाकूड यांच्या मधोमध जे पांढरे किंवा पितळी टोपण दिसते ते फेरूल होय. फेरूल शोभेसाठी नसते. चेंडूला बसणारा प्रत्येक धक्का टिपेमधून थेट लाकडाच्या उघड्या टोकावर गेला असता तर शाफ्ट लवकरच उभा चिरला असता. तो धक्का झेलणे आणि लाकडाला चहूबाजूंनी आवळून धरणे हे फेरूलचे काम आहे.

पूलच्या क्यूचा शाफ्ट बहुधा हार्ड मॅपलचा असतो, टिपेजवळ त्याचा व्यास साधारण १२ ते १३ मिलिमीटर असतो आणि फेरूल प्लॅस्टिक, मेलामाइन किंवा राळेत दाबून घट्ट केलेल्या लिननच्या कापडाचे असते. स्नूकरचा क्यू सहसा अ‍ॅश लाकडाचा असतो, त्याचे टोक ९ ते १० मिलिमीटरचे असते आणि फेरूल पितळेचे असते. महाराष्ट्रातील जुन्या जिमखान्यांमध्ये बिलियर्ड्स आणि स्नूकरची परंपरा पूलच्या कितीतरी आधीची आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळवले, तेव्हा आपल्या शहरांत आज दिसणारी पूल पार्लर अस्तित्वातही नव्हती. त्यामुळे आपल्याकडे अनेक घरांत मॅपलचा पूल क्यू आणि अ‍ॅशचा स्नूकर क्यू असे दोन्ही असतात. या दोहोंची निगा सारखी नसते, म्हणून जेथे फरक आहे तेथे तो स्वतंत्रपणे सांगितला आहे.

शाफ्ट निळा आणि चिकट का होतो?

याला दोन गोष्टी कारणीभूत असतात: चॉकची, म्हणजे टिप चेंडूवरून घसरू नये म्हणून तिला घासायच्या निळ्या ठोकळ्याची, धूळ, आणि हाताचा घाम व तेलकटपणा. कोरडी धूळ एकटी असेल तर ती फडक्याने सहज निघते. हातावरचा ओलावा आणि तेल तिच्यात मिसळले की तिचा लेप तयार होतो, आणि पुढच्या प्रत्येक स्ट्रोकला बोटे तो लेप लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत दाबत राहतात.

येथे चॉकविषयी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नावात चॉक असला तरी तो फळ्यावर लिहायच्या खडूसारखा मऊ पदार्थ नाही. आजच्या चॉकचे मूळ मिश्रण विल्यम स्पिंक्स हे बिलियर्ड्सपटू आणि विल्यम हॉस्किन्स हे रसायनतज्ज्ञ यांनी अमेरिकेत तयार केले व १८९७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यात सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड यांचे बारीक कण असतात. हे दोन्ही पदार्थ अत्यंत कठीण असून काचपेपर व पॉलिशच्या कागदावरही असेच कण चिकटवलेले असतात. म्हणजे चॉकने माखलेल्या फडक्याने जोर लावून शाफ्ट पुसणे हे बारीक पॉलिश पेपर फिरवण्यापेक्षा फारसे वेगळे नाही, आणि म्हणूनच पुसण्याचे फडके स्वच्छ असणे ही या कामातील पहिली अट आहे.

रोजची स्वच्छता कशी करावी?

खेळ संपल्यावर, क्यू पिशवीत ठेवण्यापूर्वी, दोन मिनिटे पुरतात. कोरड्या मायक्रोफायबरच्या किंवा वापरून मऊ झालेल्या सुती कापडाच्या एका कोपऱ्याने आधी फेरूल पुसावे आणि तो कोपरा बाजूला ठेवावा. मग कापडाच्या दुसऱ्या, स्वच्छ भागाने शाफ्ट हलक्या हाताने पुसावा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण सर्वात जास्त चॉक फेरूलजवळ असतो आणि तेच कापड खाली ओढत नेले तर टोकाजवळचा निळा रंग संपूर्ण शाफ्टवर पसरतो.

धूळ निघून गेल्यानंतर कापड शाफ्टभोवती मुठीत धरून, कापड थोडे गरम लागेपर्यंत, लांबीच्या दिशेने झपाझप फिरवावे. या घर्षणाने लाकडाचे तंतू बसतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. कापडाऐवजी गुळगुळीत चामड्याचा तुकडा वापरल्यास परिणाम अधिक चांगला मिळतो.

याहूनही परिणामकारक सवय म्हणजे खेळण्यापूर्वी आणि मध्यंतरात साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करणे. पार्लरमध्ये खेळता खेळता वडापाव किंवा वेफर्स खाण्याची पद्धत आहे, आणि त्या बोटांचे तेल शाफ्टवर गेले की ते काढण्यासाठी कोरडे कापड पुरत नाही. हात स्वच्छ ठेवणाऱ्या खेळाडूला पुढील बहुतेक उपायांची गरज क्वचितच पडते.

शाफ्ट पाण्याने पुसला तर चालतो का?

कापड दमट असावे, ओले नसावे. लाकूड पाणी शोषते, पृष्ठभागावरचे तंतू फुगून उभे राहतात आणि वाळल्यावर शाफ्ट हाताला खरखरीत लागतो. कापड भिजवून, पिळता येईल तेवढे घट्ट पिळून, शाफ्टचा वीतभर भाग पुसावा आणि लगेच कोरड्या कापडाने टिपून घ्यावा. मग पुढचा भाग घ्यावा. संपूर्ण शाफ्ट एकदम दमट करून वाळत ठेवू नये. पुसून झाल्यावर वर सांगितल्याप्रमाणे कोरड्या कापडाने किंवा चामड्याने घासले म्हणजे उठलेले तंतू बसतात. शाफ्ट नळाखाली धरणे किंवा भांडी घासण्याच्या साबणात बुडवणे हे प्रकार पूर्णपणे टाळावेत.

स्पिरिट, आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा हँड सॅनिटायझर वापरावे का?

तेलकट लेप काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल उपयोगी आहे. बाजारात ७० टक्के आणि ९९ टक्के अशा दोन्ही तीव्रतांची बाटली मिळते. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेला भाग पाण्याचा असल्याने तिने तंतू अधिक उठतात. लाकडासाठी ९९ टक्क्यांची बाटली बरी. द्रव नेहमी कापडावर घ्यावा, शाफ्टवर कधीही थेट ओतू नये. अल्कोहोल चॉकचा रंग सैल करते आणि कापडाने तो तत्काळ उचलून घेतला नाही तर तोच रंग घेऊन लाकडात शिरते. फेरूलच्या लगतच्या लाकडावर जो पुसट निळा कडे दिसतो, तो बऱ्याचदा स्वच्छतेच्या अशाच घाईतून आलेला असतो.

आणखी एक बाब अशी की काही शाफ्टवर लाखेपासून बनवलेला सीलर असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आपल्याकडचे सुतार फ्रेंच पॉलिश करताना चपडा लाख स्पिरिटमध्येच भिजवतात, हे अनेकांनी पाहिले असेल. त्यामुळे अल्कोहोलने वारंवार पुसलेल्या शाफ्टवरचा संरक्षक थर निघून जातो आणि शाफ्ट पूर्वीपेक्षा लवकर मळू लागतो. महिन्यातून एखाद्या वेळी, आणि तेही गरज असेल तरच, एवढी मर्यादा पाळावी.

हँड सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असते व ते मागे चिकट थर सोडते, म्हणून ते वापरू नये. नेलपॉलिश रिमूव्हरमधील अ‍ॅसिटोन तर क्यूजवळही आणू नये. ते कित्येक प्लॅस्टिक फेरूल मऊ करते आणि टिप चिकटवण्यासाठी वापरलेला गोंदही सोडवू शकते.

मेलामाइनचा पांढरा स्पंज, ज्याला मॅजिक इरेझर म्हणतात, तो सुरक्षित आहे का?

काटेकोर वापर केला तर सुरक्षित आहे, आणि मळलेल्या मॅपल शाफ्टसाठी तो काचपेपरपेक्षा निःसंशय चांगला आहे. हा स्पंज मऊ वाटला तरी त्याची जाळी कठीण असते आणि तो अतिशय बारीक अपघर्षकासारखे काम करतो. साबण किंवा रसायन नसतानाही तो डाग काढतो याचे कारण हेच आहे. स्पंज भिजवून पूर्ण पिळावा, शाफ्टभोवती सैल धरून लांबीच्या दिशेने चार-पाच वेळा फिरवावा आणि लगेच कोरड्या कापडाने पुसावे. स्पंजची बाजू निळी झाली की बाजू बदलावी. डाग पूर्ण जाईपर्यंत घासत राहण्याचा मोह टाळावा: हलकीशी निळसर छटा राहिली तरी खेळाला तिचा काहीही अपाय नसतो. हाताला गुळगुळीत लागणे हे खरे उद्दिष्ट आहे, नवा कोरा दिसणे नव्हे. चकाकीचा थर असलेल्या, म्हणजे लॅकर लावलेल्या भागावर हा स्पंज फिरवू नये, कारण तेथे तो चकाकी घालवतो.

काचपेपर कधी वापरावा?

जवळजवळ कधीच नाही. शाफ्टच्या टोकाचा व्यास दशांश मिलिमीटरनेही कमी झाला तर अनेक खेळाडूंच्या बोटांना तो फरक कळतो, आणि महिन्यातून एकदा काचपेपर लावणाऱ्याचा १३ मिलिमीटरचा शाफ्ट काही वर्षांत १२.५ मिलिमीटरचा झालेला असतो. त्यातही घासणे सर्वत्र सारखे होत नाही. ज्या ठिकाणी मळ जास्त, म्हणजे टोकापासून हातभर अंतरात, त्याच ठिकाणी काचपेपर जास्त फिरतो, आणि मग कारागिराने लेथवर काळजीपूर्वक उतरवलेला निमुळतेपणा बिघडून शाफ्टच्या मध्ये खोलगट कंबर तयार होते. अशा शाफ्टवर ब्रिजमधून, म्हणजे टेबलावर टेकवलेल्या हाताच्या बोटांच्या आधारातून, क्यू सरकताना बोटांची पकड स्ट्रोकच्या मध्येच सैल होते. हा दोष दुरुस्त करायचा तर उरलेले लाकूडही तेवढेच उतरवावे लागते, म्हणजे शाफ्ट आणखी बारीक होतो.

पाण्याने तंतू उठले असतील आणि चामड्याने बसत नसतील, तर १५०० किंवा २००० नंबरचा (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक) पॉलिश पेपर हलक्या हाताने, दाब न देता, एकदोन वेळा लांबीच्या दिशेने फिरवण्यास हरकत नाही. ६०० नंबरच्या खालचा कोणताही कागद घरात शाफ्टला लावू नये. हार्डवेअरच्या दुकानात लाकडासाठी म्हणून मिळणारा ८० किंवा १२० नंबरचा काचपेपर दारे-खिडक्यांसाठी असतो, आणि त्याचे ओरखडे काढण्यासाठी पुन्हा तेवढेच लाकूड घालवावे लागते. शाफ्ट ड्रिल मशीनमध्ये पकडून फिरवत घासण्याचा प्रकारही अनेक जण करतात. त्यात शाफ्टवर आडवे गोलाकार ओरखडे पडतात, जॉइंटच्या, म्हणजे शाफ्ट व बट जोडणाऱ्या सांध्याच्या, आट्यांवर ताण येतो आणि शाफ्ट थरथरल्याने दाब असमान पडतो. यंत्रावर करायचे काम लेथ असलेल्या जाणकाराकडेच सोपवावे.

पांढऱ्या फेरूलवरचा निळा डाग कसा काढावा?

प्रथम फेरूलच्या खालच्या कडेला लागून लाकडावर मास्किंग टेपचे दोन वेढे घट्ट गुंडाळावेत. हे पाऊल कोणीही वगळू नये, कारण फेरूलवरून सुटलेला रंग लाकडात उतरला तर तो फेरूलवरच्या डागापेक्षा अधिक हट्टी असतो. त्यानंतर पिळलेल्या मेलामाइन स्पंजने फेरूल सभोवार घासावे. तेवढ्याने निघाला नाही तर पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, कापडाच्या टोकावर मटारच्या दाण्याएवढी घेऊन घासावी. टूथपेस्टमध्ये सौम्य अपघर्षक असते. शेवटी दमट कापडाने पेस्ट पूर्ण काढून, कोरडे करून मगच टेप सोडावी. हे करताना टिप वर आणि शाफ्ट खाली असा क्यू न धरता तो आडवा धरावा, म्हणजे ओल खाली लाकडाकडे वाहत नाही. टिपेच्या कडेलाही पाणी लागू देऊ नये, चामडे फुगते.

सर्व फेरूल सारखी डागाळत नाहीत. घट्ट मेलामाइनच्या फेरूलवर डाग वरवर राहतो. स्वस्त, सच्छिद्र प्लॅस्टिकच्या फेरूलमध्ये किंवा कापडाचे थर असलेल्या फेरूलच्या धाग्यांमध्ये रंग खोल शिरतो आणि तो पूर्णपणे कधीच जात नाही. अशा वेळी फेरूल घासून पातळ करण्यापेक्षा डाग राहू द्यावा, कारण फेरूलची भिंत पातळ झाली तर ती आधी चिरते, आणि मग फेरूल बदलताना टिपही काढावी लागते.

डाग पडूच नये यासाठी चॉक लावण्याची पद्धत सुधारणे अधिक उपयुक्त ठरते. बरेच खेळाडू चॉकचा ठोकळा टिपेवर ठेवून तो बोटांनी गरागरा फिरवतात. त्यामुळे ठोकळ्याच्या मध्ये खोल खड्डा पडतो, आणि खड्डा पडला की त्याच्या कडा प्रत्येक वेळी फेरूलवर घासतात. क्यू तिरका धरून ठोकळा टिपेवरून ब्रशसारखा हलकेच ओढावा आणि टिप सगळ्या बाजूंनी एकसारखी झाकली जाईल अशा बेताने क्यू फिरवत राहावा. खोल खड्डा पडलेले ठोकळे स्वतःच्या क्यूला लावू नयेत, पार्लरने ते आग्रहाने पुढे केले तरीही. स्वच्छ केलेल्या फेरूलवर कार्नोबा मेणाचा अगदी पातळ हात दिल्यास पुढचा डाग सहज निघतो; मेण टिपेला लागणार नाही याची मात्र खबरदारी घ्यावी.

पितळी फेरूल काळे पडते. ते चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासावे का?

भांड्यांसाठी हे उपाय उत्तम आहेत, कारण भांडे नंतर भरपूर पाण्याने धुता येते. क्यू धुता येत नाही. आम्लाचा अंश फेरूल आणि लाकूड यांच्या सांध्यात राहिला तर पितळेवर हिरवट थर येतो आणि अ‍ॅशच्या तोंडाशी काळे डाग पडतात. धातूचे द्रव पॉलिशही जपूनच वापरावे. पितळ घासताना जो काळा मळ निघतो तो अ‍ॅशच्या उघड्या छिद्रांत एकदा शिरला की बाहेर येत नाही. लाकडावर टेप गुंडाळून, कापडाच्या टोकावर पॉलिशचा एक थेंब घेऊन, केवळ धातूच घासावा आणि दुसऱ्या कापडाने पूर्ण कोरडा करावा. पितळेचा नैसर्गिक काळपटपणा खेळाला बाधक नाही. त्यावर मळाचा खडबडीत थर नसला म्हणजे झाले. अनेक जुने खेळाडू पितळ मुद्दाम चकचकीत करत नाहीत, कारण नेम धरताना चकाकी डोळ्यांत येते. हे मत ग्राह्य धरण्यासारखे आहे.

अ‍ॅशच्या शाफ्टला जवसाचे तेल लावावे का?

अ‍ॅश हे मोठ्या, उघड्या छिद्रांचे लाकूड आहे. त्याच्यावर बाणाच्या टोकासारखी जी गडद नक्षी दिसते ती या छिद्रांच्या ओळींचीच असते. मॅपलची छिद्रे बारीक आणि सर्वत्र पसरलेली असल्याने मॅपलला तेलाची गरज भासत नाही, पण अ‍ॅशला जवसाचे तेल देण्याची स्नूकरमध्ये जुनी पद्धत आहे आणि तिच्यामागे कारण आहे: वाळलेले तेल छिद्रांत घट्ट होऊन ओलावा व मळ आत जाण्यास अडथळा करते. शाफ्ट पूर्ण स्वच्छ आणि कोरडा असताना कापडावर काही थेंब घेऊन पातळ हात द्यावा, थोड्या वेळाने पृष्ठभागावर उरलेले सगळे तेल पुसून काढावे आणि किमान एक दिवस क्यू वापरू नये. वर्षातून दोनदा एवढे पुरेसे आहे. पावसाळ्यात तेल वाळण्यास फार वेळ लागतो, म्हणून हे काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीस करावे. खोबरेल, तीळ किंवा स्वयंपाकाचे अन्य कोणतेही तेल वापरू नये. त्यांतील काही वाळतच नाहीत आणि शाफ्ट कायमचा चिकट राहतो.

जवसाच्या तेलाविषयी एक सूचना गांभीर्याने घ्यावी. तेल लावलेले फडके चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात किंवा कपाटात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडके उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यावे किंवा पाण्यात भिजवून मगच टाकावे.

फेरूल आणि लाकूड यांच्या सांध्यावर बोटाला कड लागते. शाफ्ट खराब झाला आहे का?

बहुतेक वेळा नाही. लाकूड हवेतील ओलाव्यानुसार आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. लांबीत मात्र त्याचा बदल नगण्य असतो. फेरूलच्या प्लॅस्टिकवर किंवा पितळेवर ओलाव्याचा जवळजवळ परिणाम होत नाही. त्यामुळे मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा गोव्यात जुलै महिन्यात हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते तेव्हा लाकूड फेरूलच्या किंचित बाहेर आल्यासारखे वाटते, आणि नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून फेरूलचीच कड बोटाला लागते. कोकणातून विदर्भात स्पर्धेसाठी जाणाऱ्या खेळाडूला हा फरक चार-आठ दिवसांत जाणवू शकतो.

ही कड घासून समतल करण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण ती आवरणे हेच शहाणपणाचे आहे. पावसाळ्यात फुगलेले लाकूड फेरूलच्या पातळीत आणले, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाकूड आकसल्यावर तेथे खाच पडते आणि फेरूलची कड वर येते. मग ती घासली जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लाकूड. दोन-तीन ऋतूंत शाफ्टचे टोक दोन्हीकडून झिजलेले असते. कड लागली तर आधी क्यू घरातल्या कोरड्या जागी आठवडाभर ठेवून पाहावे. सर्व ऋतूंत कड सारखीच राहिली, किंवा ती एकाच बाजूला असेल, तर फेरूल सैल झाले असण्याची शक्यता आहे आणि मग ते दाखवून घ्यावे.

पावसाळ्यात शाफ्ट स्वच्छ असूनही बोटांना अडकतो. पावडर लावावी का?

पावडरपेक्षा तीन बोटांचा बिलियर्ड्सचा हातमोजा कितीतरी चांगला. टाल्कम पावडर पहिल्या काही मिनिटांत आराम देते, पण घाम आणि चॉक यांच्यात मिसळून तिचा लेप तयार होतो, आणि तो शाफ्टवर तसेच टेबलाच्या कापडावरही बसतो. पांढऱ्या ठशांनी भरलेले कापड हे टेबल सांभाळणाऱ्यासाठी मोठे दुखणे असते. पावडर वापरायचीच असेल तर ती चिमूटभर, टेबलापासून दूर घ्यावी आणि हात झटकावेत. वातानुकूलित पार्लरमधून दमट रस्त्यावर येताना थंड क्यूवर दवाप्रमाणे ओल धरते, म्हणून क्यू आतच पुसून, पिशवी बंद करून मग बाहेर पडावे.

शाफ्टवर खड्डा पडला आहे. तो घरी भरून काढता येतो का?

आधी तो खड्डा आहे की तुटलेला कपचा, हे पाहावे. टेबलाच्या कडेवर आपटल्याने पडलेल्या खड्ड्यात लाकडाचे तंतू दबलेले असतात, तुटलेले नसतात, आणि दबलेले तंतू वाफेने पुन्हा फुगतात. खड्ड्याच्या आकाराचा टिशू पेपरचा तुकडा भिजवून नेमका खड्ड्यावर ठेवावा आणि त्यावर गरम चमच्याची पाठ किंवा इस्त्रीचे टोक काही क्षणच टेकवावे. खड्डा वर येईपर्यंत हे थोड्या थोड्या वेळाने पुन्हा करता येते. वाळल्यावर त्या जागेचे उठलेले तंतू चामड्याने बसवावेत. फेरूलपासून बोटभर अंतरात इस्त्री लावू नये, कारण उष्णतेने गोंद सुटतो. कपचा निघाला असेल, म्हणजे तंतूच नाहीसे झाले असतील, तर वाफेचा उपयोग नाही. तेथे जाणकाराकडून भरणी करून घ्यावी लागते.

स्वच्छ केल्यावर शाफ्टला मेण किंवा सीलर लावावा का?

मॅपलला लावावा. उघडे लाकूड लवकर मळते. मऊ कापडाने कार्नोबा मेणाचा अतिशय पातळ हात द्यावा, दहा मिनिटांनी तो पूर्ण पुसावा आणि कापड गरम होईपर्यंत घासावे. मेण जास्त झाले तर शाफ्ट चिकट होतो व चॉक अधिक धरतो. फर्निचरसाठी मिळणारी सिलिकॉन असलेली फवारणी टाळावी, कारण ती टिपेवर आणि टेबलाच्या कापडावरही जाते आणि पुढे कधी सीलर लावायचा झाल्यास तो नीट धरत नाही.

कार्बन फायबरच्या शाफ्टची निगा कशी घ्यावी?

तो लाकडाच्या मानाने सोपा आहे. तो ओलावा शोषत नाही, तंतू उठत नाहीत आणि ऋतूनुसार वाकत नाही. मायक्रोफायबर कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे पुरेसे असते. अशा शाफ्टवर काचपेपर, तारेची घासणी किंवा अपघर्षक पेस्ट यांपैकी काहीही लावू नये: वरचा राळेचा थर खरवडला जातो आणि कार्बनची बारीक धूळ श्वासावाटे आत जाणे आरोग्यास घातक आहे. मेणाचीही त्याला गरज नसते.

क्यू कसा ठेवावा म्हणजे शाफ्ट वाकणार नाही?

भिंतीला तिरका टेकवून कधीही ठेवू नये. लाकूड ओलाव्याने मऊ पडलेले असताना स्वतःच्याच वजनाने तिरके राहिले तर हळूहळू तो बाक कायम होतो. कठीण कवचाच्या पेटीत, दोन्ही तुकडे सुटे करून, बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेल्या कपाटात ठेवणे योग्य. कोकण किनाऱ्यावर बाहेरची भिंत पावसाळाभर ओल धरते. पेटीत रंग बदलणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरावी. उभ्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत क्यू राहू देऊ नये. तेथील उष्णतेने गोंद सुटतो आणि शाफ्ट वाकतो.

शाफ्ट सरळ आहे का हे पाहण्यासाठी जोडलेला क्यू टेबलावर लोळवणे फसवे ठरते, कारण जॉइंट किंचित कलता असला तरी टोक वर-खाली होते. शाफ्ट सुटा करून त्याच्या लांबीवरून एका डोळ्याने पाहावे आणि हळूहळू फिरवावा.

जुन्या क्यूला हस्तिदंती फेरूल आहे. काय करावे?

ते कोरड्या मऊ कापडानेच पुसावे. हस्तिदंत कोरड्या हवेत तडकते, उष्णता व अल्कोहोल सहन करत नाही आणि पिवळेपणा घालवण्याच्या प्रयत्नात त्याचे नुकसानच होते. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात हस्तिदंताचा व्यापार प्रतिबंधित आहे, त्यामुळे असा क्यू विकताना किंवा परदेशी नेताना आधी कायदेशीर माहिती घेणे आवश्यक आहे.

फेरूल बदलण्याची वेळ आली हे कसे ओळखावे, आणि कारागिराला काय सांगावे?

फेरूलवर केसासारखी रेघ दिसली तर ती नखाने तपासावी. नख अडकले तर तो ओरखडा नसून तडा असतो. मध्यभागी मारलेल्या साध्या स्ट्रोकलाही बोदा किंवा खडखडणारा आवाज येणे, टिप वारंवार निघणे, फेरूल दोन बोटांनी पिळल्यास किंचित हलणे ही इतर लक्षणे होत. अशा अवस्थेत खेळत राहिल्यास धक्का लाकडाच्या टोकावर जातो आणि शाफ्टच चिरतो. घरी सुपरग्लूचे थेंब सोडून तडा भरू नये. गोंद लाकडात उतरल्यास पुढे जुने फेरूल काढणे अवघड होते.

शाफ्ट कारागिराकडे देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: नवे फेरूल लाकडाच्या सध्याच्या व्यासाला जुळवावे, लाकूड फेरूलला जुळवण्यासाठी उतरवू नये; स्वच्छता किती करायची याची मर्यादा आधी ठरवावी; आणि शाफ्ट देताना व परत घेताना फेरूलच्या लगत, तसेच तेथून एक वीत आणि दोन वीत अंतरावर, व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजून दोघांसमक्ष लिहून ठेवावा.